आधी रांग कागदावर आणा : उंची घड्याळांच्या अधिकृत विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबई-पुण्यातील उंची स्विस घड्याळांचे अधिकृत विक्रेते यांस

सस्नेह नमस्कार.

मी पुण्यात घड्याळे दुरुस्त करतो. दुकान वडिलांचे, आता मी चालवतो. काउंटरवर अजूनही सगळ्यात जास्त येतात ती एचएमटी आणि टायटन. पण गेल्या काही वर्षांत तुमच्या शोरूममधून निघालेली घड्याळेही माझ्याकडे येऊ लागली आहेत. कुणाला पट्ट्याच्या कड्या कमी करून हव्या असतात, कुणाला खरे की खोटे ते तपासून हवे असते. त्या निमित्ताने माणसे बोलतात. जे माझ्या कानावर येते ते तुमच्यापर्यंत पोचत नसावे, कारण तुमच्या दुकानात ग्राहक नाराजी दाखवायला बिचकतो. तोंड उघडले तर मिळणारे घड्याळही हातचे जाईल, अशी त्याला धास्ती असते. म्हणून त्यांच्या वतीने मी लिहितो आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो. ज्या घड्याळांसाठी तुमच्याकडे थांबावे लागते, त्यांची रांग कागदावर आणा. नाव नोंदवणाऱ्याला तारीख आणि क्रमांक घातलेली पावती द्या. आणि त्या रांगेत पुढे सरकण्यासाठी दुसरा माल त्याच्या गळ्यात मारू नका.

घड्याळ उशिरा मिळते ही माझी तक्रार नाही. उशीर का होतो हे या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. रोलेक्स वर्षाला किती घड्याळे बनवते ते जाहीर करत नाही. तिचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या न्यासाची ती कंपनी आहे, शेअर बाजारात तिचे शेअर नाहीत. जाणकारांचे अंदाज वर्षाला दहा लाखांच्या वर जातात. पातेक फिलिपचा आकडा सुमारे सत्तर हजारांच्या घरात आणि ओडेमार पिगेचा पन्नास हजारांच्या आसपास सांगतात. साऱ्या जगासाठी एवढीच घड्याळे. त्यात दिल्ली, मुंबई आली, दुबई, शांघाय, न्यूयॉर्कही आले. आणि मागणी सगळ्या मॉडेलांना सारखी नसते. लोकांना हवी असते रोलेक्सची स्टीलची डेटोना आणि निळ्या-लाल कड्याची जीएमटी-मास्टर, पातेकची नॉटिलस, ओडेमार पिगेची रॉयल ओक. ज्या मॉडेलवर सगळ्यांचा डोळा, त्याचेच नग दुकानात मोजके येतात.

आता हा आकडा वाढवायचा म्हटले तर आड येते ते काम. रोलेक्सच्या घड्याळातले प्रत्येक मशीन सीओएससी या स्विस संस्थेकडे तपासणीला जाते. तिथे ते १५ दिवस राहते. पाच वेगवेगळ्या स्थितींत ठेवतात, ८, २३ आणि ३८ अंश तापमानात चालवून पाहतात आणि दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत बसले तरच पास करतात. परत आल्यावर मशीन घड्याळाच्या बाहेरच्या केसमध्ये बसते आणि कंपनी स्वतः ते पुन्हा तपासते, तेव्हा मर्यादा उणे २ ते अधिक २ सेकंद. हे १५ दिवस कुणाच्या घाईने १२ होत नाहीत. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाचा ठेका धरणाऱ्या स्प्रिंगचे, तेच. केसापेक्षा बारीक ही स्प्रिंग रोलेक्स नायोबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूपासून स्वतः बनवते. स्वित्झर्लंडमधले बाकीचे बरेच कारखाने तिच्यासाठी निव्हारॉक्स या एकाच पुरवठादारावर विसंबून आहेत. अशी जागा एक जरी अडली तरी पुढची सगळी साखळी खोळंबते.

माझ्या टेबलावरचेच सांगतो. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेले घड्याळ, उघडला की सगळ्यात जास्त वेळ जातो तो तेल लावण्यात. सुईच्या टोकावर डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा थेंब घ्यायचा आणि खड्याच्या खळग्यात सोडायचा. खळगा काठोकाठ भरला की तेल पसरते, बाजूच्या चाकावर जाते आणि मग धूळ धरते. कमी पडले तर पिव्हट, म्हणजे चाकाच्या आसाचे टोक, घासतो आणि चार वर्षांनी घड्याळ मागे पडू लागते. एस्केपमेंटच्या, म्हणजे टिकटिक करणाऱ्या भागाच्या, दातांना एक तेल, चाकांच्या पिव्हटना दुसरे, चावीच्या भागाला तिसरेच जाड ग्रीस. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांपैकी जी टिकली, त्यांचा हात बसायला काही वर्षे गेली. माणूस तयार व्हायला वेळ लागतो, यंत्र मागवून तो भरून निघत नाही. त्यामुळे रोलेक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रीबूर परगण्यातील बुल या गावी नवा कारखाना काढायचे जाहीर केले आणि तो २०२९ साली सुरू होईल असे सांगितले, तेव्हा मला त्यात चालढकल दिसली नाही. सुमारे एक अब्ज फ्रँकचा खर्च आणि दोन हजार माणसांची भरती, त्याला एवढा काळ जाणारच. शिवाय २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे कारखाने बंद पडले, आणि पुढच्या दोन वर्षांत मागणी तर भडकली.

तेव्हा टंचाई खोटी आहे असे मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये रोलेक्सने एक निवेदन दिले होते. टंचाई हे आमचे धोरण नाही, दर्जा खाली आणल्याशिवाय सगळी मागणी पुरवणे आज शक्य नाही, असे त्यात होते. त्यावर मी विश्वास ठेवतो. पण त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्यामुळेच हे पत्र जिनिव्हाला न जाता तुमच्या पत्त्यावर येते आहे. कोणत्या ग्राहकाला कोणते घड्याळ द्यायचे हे अधिकृत विक्रेते स्वतंत्रपणे ठरवतात, असे कंपनीने त्यात म्हटले होते. म्हणजे घड्याळ किती येणार हे तुमच्या हातात नाही, पण आलेले घड्याळ कुणाच्या मनगटावर जाणार हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

तिथे काय चालते?

माझे एक जुने ग्राहक आहेत, पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. वडिलांचे चावीचे घड्याळ दर काही वर्षांनी माझ्याकडे सर्व्हिसिंगला आणतात, समोर बसून मशीन कसे खुलते ते बघतात. घड्याळाची जाण असलेला माणूस. ग्रॅच्युइटीच्या पैशातून एक स्टीलचे डायव्हिंग घड्याळ घ्यायचे, आयुष्यात एकदाच, आणि पुढे ते मुलीला द्यायचे, असे त्यांनी ठरवले. ते एका अधिकृत दुकानात गेले. दुकानाचे नाव इथे सांगणार नाही, ब्रँडचेही नाही. पहिल्या खेपेला चहा मिळाला, नाव-नंबर लिहून घेतला, ‘आम्ही कळवू’ म्हणाले. पावती मागितली तर ‘तशी पद्धत नाही’ असे उत्तर आले. बरेच महिने गेले. त्यांनी फोन केला तेव्हा पलीकडून सांगितले गेले, ‘सर, तुमची आमच्याकडे प्रोफाइल नाहीये.’ प्रोफाइल कशी बनते असे विचारल्यावर त्यांना दुकानात बोलावले आणि आधी लेडीज घड्याळे दाखवली, मग दागिने. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, “अहो, मी घड्याळ मागतोय आणि ते मला अंगठ्या दाखवतायत.” त्यांनी अंगठी घेतली नाही. घड्याळही मिळाले नाही. आपल्या आधी किती जण आहेत, आपला नंबर शंभरावा की तिसरा, की आपले नाव त्या वहीत आहे तरी का, हे त्यांना आजही माहीत नाही.

सगळेच विक्रेते असे वागतात असा आरोप मी करत नाही. काही दुकानांत सरळ सांगतात की अमुक मॉडेल आम्हाला वर्षाला दोन-चारच मिळते, नाव देऊ नका, उगाच आशा लागेल. अशा दुकानदाराबद्दल मला आदर वाटतो. हल्ली शोकेसमध्ये ‘केवळ पाहण्यासाठी’ अशी पाटी लावून घड्याळ ठेवतात, तेही मला पटते. माणसाला ते निदान हातात घेऊन बघता येते, मनगटावर कसे बसते ते कळते. पण ‘आधी दुसरे काहीतरी घ्या, मग बघू’ हे वाक्य माझ्या काउंटरवर मी इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे की तो एखाद्या सेल्समनचा आगाऊपणा असेल असे मानायला मन तयार होत नाही. आणि त्या सेल्समनवर माझा राग नाहीच. तो पगारी माणूस. दिवसभर लोकांना नाही म्हणायचे आणि महिन्याचे टार्गेट पण गाठायचे, हे दोन्ही त्याच्याच डोक्यावर.

आता कायद्याकडे या. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २ मधील पोटकलम ४१ काढून बघा. त्यात निर्बंधात्मक व्यापारी प्रथा म्हणजे काय ते सांगितले आहे. एक वस्तू मिळण्याची पूर्वअट म्हणून ग्राहकाला दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यायला लावणारी कोणतीही प्रथा तिथे स्पष्ट शब्दांत नमूद आहे. घड्याळ स्वस्त की महाग, गरजेचे की हौसेचे, असा भेद तिथे केलेला नाही. गॅसच्या नव्या कनेक्शनबरोबर शेगडी घ्यायलाच लावणारा वितरक आणि स्टीलच्या घड्याळाआधी हिऱ्याची अंगठी घ्यायला लावणारा विक्रेता, दोघांनाही हीच व्याख्या लागू पडते. आणि ती व्याख्या सुरू होते तीच मुळी मालाच्या पुरवठ्यावर किंवा किमतीवर असा परिणाम घडवण्यापासून, की ज्याने ग्राहकावर विनाकारण खर्च किंवा निर्बंध लादला जातो.

यावर तुमचा वकील सांगेल की आम्ही अट घालतच नाही, ग्राहक स्वखुशीने खरेदी करतो. अडचण नेमकी तिथेच आहे. सगळे तोंडी चालते. ‘प्रोफाइल’, ‘परचेस हिस्टरी’, ‘थोडं रिलेशन बिल्ड करू या’ हे शब्द कधी बिलावर येत नाहीत, ईमेलमध्ये येत नाहीत. रांगच कागदावर नाही तर अट कागदावर कुठून येणार? ग्राहक आयोगात जायचे म्हटले तर माणसाने पुरावा म्हणून काय दाखवायचे, त्याने प्यायलेला चहा? म्हणून मी दंडाची मागणी न करता कागद मागतो आहे. कागद असला की तुमचाही बचाव होतो. प्रामाणिक दुकानदाराला त्यात गमावण्यासारखे काही नाही.

परदेशात या गोष्टी सरकारी यंत्रणांच्या नजरेतून सुटलेल्या नाहीत हेही ध्यानात घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने रोलेक्सच्या फ्रान्समधील कंपनीला ९ कोटी १६ लाख युरोचा दंड केला. अधिकृत विक्रेत्यांना ऑनलाइन विक्रीची मनाई केली, हे त्याचे कारण. विषय वेगळा होता, पण विक्रीच्या पद्धतीत कंपनीचा शब्द शेवटचा नसतो एवढे त्यातून दिसले. उलट बाजूही सांगतो. एर्मेस या उंची फ्रेंच ब्रँडच्या बर्किन पिशवीसाठी आधी दुसरा माल घ्यावा लागतो असा दावा २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांनी लावला होता, तो तिथल्या न्यायालयाने पुढे फेटाळला. अमेरिकेच्या कायद्यात बाजारावरची पकड सिद्ध करावी लागते. आपल्या ग्राहक कायद्यातली व्याख्या त्यापेक्षा साधी आणि थेट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मनावर घेतले तर इथे वेगळे घडू शकते, म्हणून या पत्राची प्रत त्यांनाही देतो आहे.

‘प्रोफाइल’ बघण्यामागे तुम्ही जे कारण देता ते मी ऐकले आहे आणि त्यात तथ्य आहे. तुम्ही म्हणता, अनोळखी माणसाला दिले तर तो दारातून बाहेर पडून विकून टाकेल. तसे होते. माझ्या टेबलावर होते.

एकदा एक तरुण आला, विशी-पंचविशीतला. डबा, कार्ड, पिशवी, सगळे शाबूत. स्टीलचा क्रोनोग्राफ, पट्ट्यावर एक ओरखडा नाही. कार्डावरची तारीख ताजी होती. घेणारा बाहेर गाडीत बसला होता, त्याला खात्री हवी होती की माल अस्सल आहे. मागचे झाकण मी उघडणार नाही म्हटले, कारण वॉरंटीतल्या घड्याळाला बाहेरच्या माणसाने हात लावायचा नसतो. भिंग लावून बघितले. काचेवर सहाच्या आकड्यापाशी कोरलेला इवलासा मुकुट, डायलभोवतीच्या आतल्या कड्यावरची अक्षरे मिनिटांच्या रेघांशी जुळतात का, सेकंदकाटा शून्यावर परत येताना थरथरतो का. सगळे बरोबर होते. अस्सल होते. त्या मुलाने ते एक दिवसही घातले नव्हते. छापील किमतीच्या वर जो ‘ऑन’ ठरला होता तो रोखीत मोजला जाणार होता, बिल न होता. मी तपासणीचे पैसे घेतले नाहीत, मला घ्यावेसे वाटले नाही.

पण मग विचार करा, हे घड्याळ त्याला मिळाले कसे? ‘प्रोफाइल’ होती म्हणूनच मिळाले असणार. ज्याच्या मागे पैसा आहे तो चार नको असलेली घड्याळे उचलतो, त्यांचा तोटा पाचव्या घड्याळाच्या ऑनमधून भरून काढतो आणि वर चार पैसे कमावतो. अधिक खरेदी करणारा तो खरा शौकीन, हा हिशेबच चुकीचा आहे. जास्त खरेदीची अट त्या व्यापाऱ्याला परवडते. निवृत्त अभियंत्याला परवडत नाही. तुम्ही ज्याला रोखायला ही चाळणी लावली तो तिच्यातून आरपार जातो, आणि जो घड्याळ तीस वर्षे मनगटावर वागवणार होता तो बाहेर राहतो.

असा माणूस मग कुठे जातो तेही सांगतो, कारण तो माझ्याकडेच येतो. एक तर ग्रे मार्केटमध्ये, म्हणजे अधिकृत दुकानांबाहेरच्या बाजारात, जाऊन ऑन देतो. त्यात वॉरंटीचे कार्ड दुसऱ्याच्या नावचे, पावती नाहीच. नाहीतर ‘फर्स्ट कॉपी’वाल्याच्या तावडीत सापडतो. हल्लीच्या नकला इतक्या बेमालूम असतात की भिंगाखालीही क्षणभर थबकायला होते. अस्सल म्हणून लाखो रुपये मोजून आणलेले घड्याळ नकली आहे, हे समोरच्या माणसाला सांगायची वेळ माझ्यावर आली आहे. त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. तुमच्या काउंटरवर त्याला एक खरा क्रमांक मिळाला असता तर तो थांबला असता. लोक थांबतात हो. किती थांबायचे ते कळले की लोक थांबतात.

सट्ट्याने काय होते ते आपण २०२१-२२ मध्ये पाहिले. पातेक फिलिपने २०२१ च्या सुरुवातीला नॉटिलस ५७११ बंद करत असल्याचे जाहीर केले. डिसेंबरमध्ये टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्याच्या खास निळ्या रंगाच्या डायलची १७० घड्याळे काढली. त्यातले एक न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरला गेले. पैसा पर्यावरणाच्या कामाला गेला ही चांगली गोष्ट, पण दुकानातली त्याची किंमत होती ५२,६३५ डॉलर. त्या आकड्याने जगभर जो चेव चढला, त्यात घड्याळ म्हणजे शेअर झाला. २०२२ च्या वसंतात भाव शिगेला पोचले आणि तिथून जे घसरले, त्यात ऑन देऊन घेतलेल्या कितीतरी जणांचे हात पोळले. आपल्याकडेही पोळले. मुलाच्या सांगण्यावरून गुंतवणूक म्हणून घड्याळ घेतलेले एक गृहस्थ ते विकून देता का म्हणून माझ्याकडे आले होते. घड्याळ लॉकरमध्ये पडून होते. ‘घातले का नाही?’ असे मी विचारले, तर म्हणाले, घातले तर भाव उतरेल. यांत्रिक घड्याळ मनगटावर चालण्यासाठी बनवतात. ते असे डब्यात कोंडलेले पाहिले की घड्याळजी म्हणून माझा जीव तुटतो.

पुणेकरांना रांग नवी नाही. आकुर्डीला बजाजची स्कूटर बनायची आणि पुण्यातल्याच माणसाला तिच्यासाठी वर्षानुवर्षे वाट बघावी लागायची. ऑन घेऊन आपला नंबर विकणारे तेव्हाही होते. पण नंबर लावल्याची पावती कपाटात असायची, बापाने लावलेला नंबर मुलाच्या लग्नापर्यंत येईल असा हिशेब घरात व्हायचा. तेव्हाच्या परमिट-राज्याचे मी गोडवे गात नाही. पण त्या काळातही पावती मिळायची, आणि आजच्या वातानुकूलित शोरूममध्ये ती मिळत नाही, याचे मला खरोखर दुःख होते.

रांग पाळणे अवघड नाही, साधन तुमच्याकडे आधीच आहे. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला तुम्ही पॅन घेताच. एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, तोही घेता. म्हणजे कुणी काय घेतले याची नोंद प्रत्येक घड्याळामागे होतेच आहे. त्याच पॅनवर रांग लावा. एका पॅनला एका मॉडेलसाठी एकच नोंद. घड्याळ मिळाले की त्या माणसाला तेच मॉडेल काही वर्षे पुन्हा नाही. जपानमध्ये रोलेक्सच्या विक्रेत्यांनी २०१९ पासून असाच नियम लावला. ओळखपत्र बघतात, नेमलेल्या मॉडेलांपैकी एखादे घेतले की त्यातलेच दुसरे वर्षभर मिळत नाही आणि तेच मॉडेल पाच वर्षे मिळत नाही. त्याने ऑन संपला असे नाही, पण एकाच हातात ढीग जाणे अवघड झाले. ज्या मॉडेलला मागणी फारच आहे आणि रांग दहा वर्षांवर जाईल, तिथे सरळ नोंदणी बंद असल्याची पाटी लावा. नाही म्हणा, पण सगळ्यांना सारखेच म्हणा.

एक पद्धत मात्र कृपा करून आणू नका. काही ठिकाणी घड्याळ देतात आणि वॉरंटीचे कार्ड वर्षभर दुकानात अडकवून ठेवतात, म्हणजे विकता येऊ नये. पैसे पूर्ण घेतल्यावर ग्राहकाची वस्तू किंवा तिचा कागद धरून ठेवायचा हक्क दुकानदाराला नाही. एका चुकीवर दुसऱ्या चुकीचे ठिगळ लावल्यासारखे ते होईल.

हे सगळे आत्ताच का लिहितो, त्यालाही कारण आहे. स्वित्झर्लंडसह एफ्टा या युरोपीय व्यापारगटाच्या चार देशांशी भारताने मार्च २०२४ मध्ये केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला आहे. स्विस घड्याळांवरचे वीस टक्क्यांचे मूळ आयात शुल्क काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. आजवर दुबईहून किंवा सिंगापूरहून येताना घड्याळ घेऊन येणारा माणूस उद्या इथेच, तुमच्याच दारात येईल. ही तुमच्या भरभराटीची गोष्ट आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण आज पन्नास जणांची रांग तोंडी सांभाळणे जमते, उद्या पाचशे जणांची जमणार नाही. तेव्हा जो गोंधळ होईल त्यात ऑनवाले फोफावतील. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये रोलेक्सने बुखेरर ही मोठी किरकोळ विक्रीची साखळी विकत घ्यायचे ठरवले, आणि त्याआधी डिसेंबर २०२२ पासून प्रमाणित जुन्या घड्याळांची विक्री युरोपात सुरू केली. आता तिथे नवे मिळत नाही, पण तेच मॉडेल जुने, शिक्का मारलेले, नव्याहून महाग, असे अधिकृत दुकानातच दिसते. उत्पादक स्वतः दुकान चालवू लागला की मधल्या विक्रेत्याकडे त्याची स्वतःची म्हणून एकच ठेव उरते, गिऱ्हाइकाचा विश्वास. ती तुम्ही अंगठ्यांच्या विक्रीपायी घालवू नये असे मला मनापासून वाटते.

कुणी म्हणेल, राज्यात शेतकऱ्याला खताच्या गोणीसाठी रांग लावावी लागते तिथे लाखांच्या घड्याळांचे काय घेऊन बसलात. त्या माणसाला मी एवढेच सांगीन की खताच्या दुकानातही हेच होते. युरिया हवा तर ही औषधाची बाटली घ्या, असे सांगणारे दुकानदार खेड्यापाड्यांत आहेत, आणि शेतकरी त्याविरुद्ध ओरडत आला आहे. टंचाईच्या मालाला पडून राहिलेला माल जोडून देण्याची ही सवय एकच आहे. ती मोठ्या, चकचकीत दुकानात चालवून घेतली तर छोट्या दुकानाला कोणत्या तोंडाने बोलणार? आणि घड्याळ घेणारे सगळे गर्भश्रीमंत नसतात. माझ्याकडे येणाऱ्यांत बँकेतले आहेत, डॉक्टर आहेत, आखातात वीस वर्षे वेल्डिंग करून परतलेला एक जण आहे. त्यांनी एक गोष्ट मनाशी धरली, तिच्यासाठी पैसे साठवले. त्यांना तुम्ही ग्राहक म्हणून वागवावे, एवढेच मागणे आहे.

तुमच्यापैकी कुणी आपल्या दुकानात नोंदणीचे नियम लिहून भिंतीवर लावले, तर मला कळवा. माझ्या काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या दुकानाचा पत्ता देईन, आणि त्या निवृत्त अभियंत्यांना घेऊन नाव नोंदवायला स्वतः येईन.

आपला,
पुण्यातील एक घड्याळजी

प्रत माहितीसाठी : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली